जिभेखालचे थेंब

माझ्या मुलाचं म्हणणं, मी हे लिहू नये. लिहिलंच तर ‘माझ्या ओळखीच्या एक बाई’ अशी सुरुवात करावी. पण त्या ओळखीच्या बाई मीच आहे. वय सदुसष्ट, मराठी घरातली पण पिढ्यानपिढ्या कन्नड मुलखात, राहणार के. आर. पुरम, वीजखात्याच्या कचेरीतून निवृत्त, आणि दीडेक वर्षापासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर भांगेचा अर्क घेणारी. बाटलीवर त्याचं नाव विजया असं छापलंय. आयुर्वेदात तेच नाव चालत आलंय. आमच्या नात्यात मात्र कुणी विजया म्हणत नाही. ‘ती गांजा घेते’ असंच म्हणतात, आणि तेही मी खोलीबाहेर गेल्यावर.

सगळं नागिणीपासून सुरू झालं. एका सकाळी डाव्या बरगडीखाली पुरळ दिसलं. मला वाटलं, काहीतरी चावलं असेल. दोन दिवसांत पाठीपासून छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा उठला. आमच्याच शहरातल्या शिवाजीनगरला माझे चुलत दीर राहतात, त्यांचा फोन आला, की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू देऊ नका, काव उगाळून लावा. मी चामडीच्या डॉक्टरकडे गेले. त्याने दिलेल्या गोळ्यांनी फोड सुकले, खपल्या पडल्या, दिरांना वाटलं काव लावली म्हणून पडल्या. काव मी लावलीच नव्हती.

फोड गेले, दुखणं राहिलं. ज्यांना झालं नाही त्यांना ते सांगून समजत नाही. जिथे आता नुसता एक फिकट डाग होता, तिथे कपडा टेकला की गरम इस्त्री ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा लागला तरी. मी ब्लाउज घालणं सोडलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, त्याचे जुने मलमली सदरे मी देऊन टाकले नव्हते, तेच घालून घरात फिरू लागले. कुणी दाराची घंटा वाजवली की आधी टॉवेल शोधायचा. देवळात जाणं बंद, लग्नाला जाणं बंद. एका कुशीवर झोपून दिवस मोजायचे.

शिरांच्या दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी दुखणं थोडं कमी केलं आणि मला पार बुजगावणं करून टाकलं. पाय सुजले. जेवताना ताटावरच डुलकी लागायची. एकदा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा इतका घाबरला की त्याने दुसऱ्याच दिवशी भिंतीला स्टीलचे दांडे ठोकून घेतले. तो कामाला एका सॉफ्टवेअर कंपनीत, स्वभावाने बापासारखा, म्हणजे काळजी वाटली की ड्रिल मशीन काढणारा. सून पुण्याची, तीही त्याच क्षेत्रातली. पोरगी चांगली आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

चामडीच्या डॉक्टरने शेवटी आम्हाला शिवाजीनगरजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे फक्त जुन्या दुखण्यांवर उपचार करतात. तिथे एक आयुर्वेदाची डॉक्टर बसते, धारवाडकडची, चाळिशीची, स्पष्ट बोलणारी. पहिल्या दिवशी ती सगळं माझ्या मुलालाच विचारायला लागली. आईंना कधीपासून होतंय, आईंना झोप लागते का.

"दुखतंय मला," मी कन्नडमध्ये म्हटलं. "माझ्याकडे बघून विचारा."

तिने खुर्ची वळवली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

विजयाचं नाव तिनेच काढलं. मुलाचा चेहरा लगेच बदलला. तो मराठीत हळूच म्हणाला, "आई, हे गांजाचंच झाड आहे." मी म्हटलं, "असू दे. ऐकून तर घेऊ."

डॉक्टर म्हणाली, "आपल्या मेंदूत ठिकठिकाणी अशा जागा आहेत, की या झाडातलं द्रव्य तिथे जाऊन बरोबर बसतं. जागा काही झाडासाठी केलेल्या नाहीत. आपला मेंदू स्वतःच तशा जातीचं द्रव्य तयार करतो, लागेल तेव्हा, लागेल तितकं. शास्त्रज्ञांना ते सापडलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ठेवलं."

"मग माझ्या मेंदूत ते कमी झालंय का?"

"ते मला सांगता येणार नाही. पण बाहेरून घेतलं की ते एकाच ठिकाणी जाऊन थांबत नाही, एवढं सांगते. दुखण्याच्या वाटेवर जातं, तसंच आठवणीच्या जागी जातं, भुकेच्या, तोल सांभाळायच्या, वेळेचा अंदाज घ्यायच्या जागीही जातं. सगळीकडे थोडी ढवळाढवळ करतं."

"चढेल?"

"यात मुख्य दोन द्रव्यं आहेत. एक चढतं, एक चढत नाही. तुम्हाला देईन त्यात चढणारं कमी आहे. पण आहे. छातीत धडधड होईल कधी, एकदम उठलात तर चक्कर येईल. दुखणं जाईलच असंही नाही. काहींना फरक पडतो, काहींना काहीच नाही. स्वल्पापासून सुरू करू. नाही जमलं तर बंद."

इतकं खरं बोलणारं माणूस मला गेल्या कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं. बाकी सगळे ‘बरं वाटेल’ म्हणत होते. माझी नोकरी वीजखात्याच्या तक्रारखिडकीमागे गेली. लाइट कधी येणार, असं लोक ओरडून विचारायचे, आणि येईल हो, असं गोड बोलणारे कारकून लोकांना आवडायचे. मला तसं कधी बोलता आलं नाही. खांब पडलाय, उद्या संध्याकाळशिवाय येणार नाही, असं मी सांगायची आणि शिव्या खायची. ही बाई माझ्या खिडकीतली वाटली. मी म्हटलं, "सरी, चालेल, द्या."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. हिरवट, कडवट तेल, जिभेखाली थेंब धरून बसायचं, तोंडात पालापाचोळा चघळल्यासारखी चव. डॉक्टरने थेंब जरासे वाढवले. मग एका सकाळी मी दूध तापवत ठेवलं आणि उतू जाईल म्हणून शेगडीपाशीच उभी राहिले. उभी राहिले, आणखी उभी राहिले. मनात सगळी जुनी गल्ली फिरून आले, आईची शिवणाची मशीन आठवली, तिच्या पायट्याचा आवाज आठवला, तरी दूध आपलं शांत. शेवटी सुनेला हाक मारली, "गॅस संपला की काय बघ गं."

ती म्हणाली, "आई, तुम्ही आत्ता तर ठेवलंत. मी अजून ब्रश पण संपवला नाही."

मला इतकं हसू आलं की ओटा धरून हसले. आणि हसता हसता लक्षात आलं, बरगडीखालचं दुखणं होतं, पण शेजारच्या घरात भांडण चालावं तसं होतं. ऐकू येत होतं, मला कुणी त्यात ओढत नव्हतं. दुपारी मी तीनदा भात वाढून घेतला. त्याच आठवड्यात एके दिवशी ब्लाउज घालून, साडी नेसून, लिफ्टने खाली गेले आणि गेटपाशी नुसती उन्हात उभी राहिले. वॉचमनने विचारलं, "अम्मा, कुठे निघालात?" कुठेच नाही, म्हटलं.

खाली असोसिएशनच्या हॉलमध्ये आम्ही चौघी दुपारी पत्ते खेळायचो. नागिणीने तो डाव मोडला होता, तो पुन्हा बसला. खेळ मेंढीकोट, त्या तिघींना मीच शिकवलेला. माझ्या भिडू दुसऱ्या मजल्यावरच्या कन्नड अक्का, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, जिभेने तिखट. विरुद्ध जोडी दोघी तेलुगू जावांची. या खेळात चार दश्श्या पकडायच्या असतात, आणि कुठली दश्शी गेली, कुठली यायची आहे, हे डोक्यात ठेवलं नाही तर बसूच नये.

पहिल्याच दुपारी बदामची दश्शी आमच्या जोडीने मारली. ती उलटी करून माझ्याच कोपरापाशी ठेवलेली होती. आणि मी ती अजून यायची आहे असं धरून बदामचा एक्का दाबून बसले. शेवटी इस्पिकची दश्शी गेली आणि डावही गेला. अक्कांनी पत्ते खाली ठेवले.

"तुला झालंय काय? दश्शी तुझ्याच कोपराशी पडलीय."

खोटं बोलता आलं असतं. झोप झाली नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "मी दुखण्यासाठी भांगेचं तेल घेते. त्याने आत्ता घडलेलं टिकत नाही. जुनं सगळं शाबूत आहे, नवीन तेवढं निसटतं."

तेलुगू जावा एकमेकींकडे बघू लागल्या. अक्कांनी पत्ते गोळा केले. मग म्हणाल्या, "सरी. मग आजपासून दश्श्या मी मोजते. तू फक्त हुकूम सांभाळ."

अक्कांनी कुणाला सांगितलं नाही. जावांनी दोन दिवसांत सगळ्या इमारतीला सांगितलं. आणि नेमका माझा मुलगा असोसिएशनचा सेक्रेटरी. गच्चीवर काही भाडेकरू पोरं सिगरेटीत गांजा भरून ओढतात अशी तक्रार आली होती, म्हणून महिन्यापूर्वीच त्याने लिफ्टमध्ये सूचना लावली होती, की इमारतीत अमली पदार्थ सापडला तर घर खाली करावं लागेल. आता लिफ्टमध्ये लोक ती सूचना वाचायचे आणि हसायचे.

तो ऑफिसातून आला तोच तापून.

"तुला पत्त्यांच्या टेबलावर सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"मला मीटिंगमध्ये बसावं लागतं, आई. लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील, की याच्या आईला नागीण झाली होती. सूचनेत एक ओळ घाल, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं सोडून."

"इतकं सोपं नाहीये ते."

"तक्रारखिडकीवर मी अशाच ओळी घालत होते," मी म्हटलं. त्याने ओळ घातली नाही.

दोन-चार दिवसांनी लिफ्टमध्ये त्या गच्चीवरच्यांपैकी एक तरुण भेटला. पंचविशीही गाठली नसेल. माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले आणि हिंदीत म्हणाला, "आंटी, तुम्ही तर आमच्यातल्या निघालात."

मी म्हटलं, "मी तुमच्यातली नाही. माझ्या बरगडीला आग लागलीय. तुझं काय दुखतं?"

तो हसला आणि मजल्यांचे आकडे बघू लागला. मी त्याला सांगितलं, की माझा मेंदू पिकलेला आहे, तरी त्यातलं जे जातंय ते मला दिसतं. तुझा अजून घडतोय, असं डॉक्टर म्हणते, आणि रोज ओढणाऱ्यांतल्या काही तरुणांना पुढे कान वाजायला लागतात, माणसं आपल्याविरुद्ध बोलतायत असं वाटायला लागतं. सगळ्यांना नाही. पण कुणाला होणार हे आधी कळत नाही. तो म्हणाला, हे सगळं लोकांनी पसरवलेलं भय आहे. मी म्हटलं, बरं. त्याचा मजला आला. मला दोन्हीकडच्या लोकांचा राग येत होता. एकांना ते विष वाटतं, दुसऱ्यांना तुळशीचा काढा. घेणाऱ्याला काय होतं, ते कुणी विचारत नव्हतं.

आणि मला ते भय झालंच. सुट्टीचा दिवस होता, संध्याकाळची वेळ, दुखणं वाढलं होतं म्हणून मी सांगितल्यापेक्षा काही थेंब जास्त घेतले. चूक होती, पण दुखणाऱ्या माणसाने केलेली. तासाभराने मी खोलीत बसले होते आणि स्वयंपाकघरातून मुलाचा आणि सुनेचा आवाज येत होता. ते दोघं अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत हळू बोलतात, नेहमीच. त्या दिवशी एकेक शब्द मला टाचणीसारखा टोचायला लागला. ‘आई’ ऐकू आलं. ‘पाठवून देऊ’ ऐकू आलं. छाती धडधडत होती. माझी खात्री पटली, की हे मला वृद्धाश्रमात टाकणार, सगळं ठरलंय, पैसेही भरून झालेत, वॉचमनलाही माहीत आहे, म्हणून त्या दिवशी त्याने विचारलं कुठे निघालात.

मी उठून दारात उभी राहिले. "मला कुठे पाठवताय ते तोंडावर सांगा."

दोघं दचकले. सुनेने मला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि भीती ओसरेपर्यंत काही न विचारता माझ्या तळव्यावर अंगठा फिरवत बसली. ती म्हणाली, "आई, कुरिअर परत पाठवायचं बोलत होतो. चुकीच्या साइजचे शूज आलेत." जोडा दाखवला सुद्धा.

पण ती खोटं बोलू शकत नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "आणि तुमच्या बाटलीबद्दल पण बोलत होतो. हा म्हणतोय की ती काढून टाकावी."

तेव्हा मला कळलं, की तेलाने मला भीती दिली, पण ती अगदीच हवेतून दिली नव्हती. माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल ठरवणं चाललंच होतं. त्याचा वृद्धाश्रम मेंदूने केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाटली जागेवर नव्हती. मुलाला विचारलं. तो लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाला, "बेसिनमध्ये ओतली. काल तू स्वतःला बघायला हवं होतंस."

"काल मी स्वतःला बघितलं. मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

तो टाइप करत राहिला. मी भांडले नाही. आत गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. दुखणं परत आलं, आणि ते अनोळखी झाल्यासारखं आलं, मधल्या काळात माझी त्याची सवय मोडली होती. झोप तुटायची, आणि जी लागायची तिच्यात स्वप्नांचा नुसता बाजार. मेलेली माणसं लग्नाच्या पंगतीत बसलेली, नवरा खांबावर चढून लाइट दुरुस्त करतोय. सकाळी उठले की सगळ्यांवर खेकसायची. पुढे डॉक्टरने सांगितलं, की अचानक तोडलं की असं होतं. बाहेरून मिळायचं थांबल्यावर मेंदूला स्वतःची घडी बसवायला वेळ लागतो.

त्याच आठवड्यात चुलत दीर आणि जाऊ बघायला आले. मुलानेच बोलावलं असणार. दीर सोफ्यावर बसले, पाणी प्याले, घसा साफ केला.

"वहिनी, आपलं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून या गावात आहे. आजवर कुणी बोट दाखवलं नाही."

"मग आता कोण दाखवतंय, अण्णा?"

"तसं नाही. पण गांजा म्हणजे..."

"शिवरात्रीला तुम्ही भांगेची गोळी गिळून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नव्हता. तेव्हा जावेने तुमच्या तोंडावर पाणी मारलेलं मी बघितलंय. तेव्हा शहाजीराजे कुठे होते?"

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की खोकल्या, सांगता येत नाही. दीर म्हणाले, "तो देवाचा प्रसाद. सणाची गोष्ट वेगळी."

"तुम्हाला सणासाठी चालतं. मला दुखण्यासाठी लागतं. यात लाज कुणी वाटून घ्यायची ते तुम्हीच सांगा."

ते चहा न घेता गेले. सुनेने त्यांच्यासाठी केलेला उपमा आम्ही दोघींनी खाल्ला. मुलगा आपल्या खोलीत होता.

सोमवारी मी एकटी निघाले. बरगडीवर मऊ धडपा गुंडाळला, वरून सदरा, वरून शाल. अक्का खाली भेटल्या, मी येते म्हणाल्या. मी म्हटलं, "आज नको. आज एकटीनेच जायला हवं." मेट्रोत उभी राहिले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून दांड्याला पाठ लावून. एका मुलीने जागा दिली. पुढे रिक्षा केली. शिवाजीनगरच्या बाजारातल्या प्रत्येक खड्ड्याला माझी बरगडी ओळखू लागली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "निधाना, अण्णा, निधाना." तो बिचारा बैलगाडीसारखा हळू गेला, मागचे हॉर्न वाजवत राहिले.

डॉक्टरला मी सगळं सांगितलं. जास्त थेंब घेतले तेही, वृद्धाश्रमाचंही. ती रागावली.

"मी सांगितलं त्यापेक्षा वाढवायचं नाही. तुमच्या वयाला पडणं आणि घाबरणं, दोन्ही महाग."

"कबूल."

"घरचे नको म्हणतायत. तुम्हाला काय हवंय?"

कित्येक महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मला ब्लाउज घालता यायला हवा. आणि पत्ते लक्षात राहायला हवेत. दोन्ही पूर्ण मिळत नसेल तर किती द्यायचं आणि किती घ्यायचं ते मी ठरवीन. मुलगा नाही, आणि राग मानू नका, तुम्हीपण नाही."

तिने नवी चिठ्ठी लिहिली. चढणारं द्रव्य आणखी कमी, दुसरं जास्त, फक्त संध्याकाळी.

घरी आले तेव्हा मुलगा दारात उभा होता. फोन बंद होता माझा, तो सगळीकडे फिरून आला होता, डोळे लाल. मला वाईट वाटलं. तरी मी बाटली पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"ही इथे राहील. कपाटात नाही. तुला ओतायची असेल तर माझ्यासमोर ओत. मी पुन्हा जाऊन आणीन. मला रस्ता माहीत आहे."

तो खुर्चीत बसला. बाटलीकडे बघत म्हणाला, "तू मला ओळखशील की नाही, असं वाटलं मला त्या दिवशी. दारात उभी होतीस ना, तेव्हा तू माझ्याकडे परक्यासारखी बघत होतीस."

हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तेव्हा मी भ्यालेली होते. पुन्हा झालं तर तू मला सांग, की आई, ही भीती तेलाची आहे. मी ऐकीन. पण माझ्यामागे बाटली रिकामी केलीस तर मला खरंच भ्यायला कारण देतोस."

सून आतून म्हणाली, "फेअर आहे." बाटली टेबलावरच राहिली, मिठाच्या आणि लोणच्याच्या बरणीशेजारी.

मग पावसाळा, मग थंडी. नव्या मात्रेने दूध वेळेवर उतू जायला लागलं. दुखणं पहिल्याइतकं लांब गेलं नाही, पण उंबऱ्याच्या आतही आलं नाही. सुती, सैल ब्लाउज मी शिवून घेतले, डाव्या बाजूला शिवण नसलेले. पत्त्यांत अजूनही कधी एखादी दश्शी निसटते. अक्का टेबलाखालून पाय मारतात. हे खेळाच्या नियमात बसत नाही, असं जावा म्हणतात.

पुढे मी स्वतःच थेंब आणखी उतरवले. झालं असं, की माझ्या मोठ्या भावाची नात बोलायला लागली होती आणि व्हिडिओवर रोज एखादा नवा शब्द सांगायची. दुसऱ्या दिवशी तो शब्द मला आठवायचा नाही. तिचा जुना शब्द आठवायचा, कालचा नाही. मला ते सोसेना. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी केलं, थोडी आग परत घेतली, तिचे शब्द परत घेतले. आता एखाद्या वाईट दिवशीच बाटलीला हात लावते.

मुलगा म्हणाला, "बघ, मी म्हणतच होतो."

मी म्हटलं, "तू ओतलीस. मी ठेवली. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि तू त्या एक आहेत असं कुणाला सांगितलेलं मला चालणार नाही."

यावरून आमचा दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या सूचनेवर छापलेली नवी ओळ दिसली, डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषधे वगळून. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. त्याने घरी सांगितलं नाही, मीही विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, बसचालक म्हणून निवृत्त झालेले, साखरेमुळे पायांची आग होणारे. त्यांना पहिल्यांदाच विजया लिहून दिली होती. चिठ्ठी दोन बोटांत अशी धरली होती, जणू ती ओली असावी. डॉक्टरने बहुतेक माझ्याकडे बोट दाखवलं असणार, कारण ते हळूच सरकले.

"अक्का, याने डोकं फिरतं का?"

"स्वल्प फिरतं. आत्ताचं विसरायला होतं. वेळ लांबते. एकदम उठायचं नाही, गाडी चालवायची नाही. जास्त घेतलं तर नको नको ते मनात येतं, मला आलं होतं. दुखणं जात नाही, मागे सरकतं. कुणाकुणाचं तेही नाही."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग इकडेतिकडे बघून आणखी हळू आवाजात म्हणाले, "हे घेऊन देवळात गेलेलं चालतं का?"

"मी जाते," मी म्हटलं. "अजून कुणी बाहेर काढलं नाही. काढलं तर बघू."